सोळाव्या दिवसापासून पुढे

प्रति,
मा. श्री. विश्वास सारंग,
क्रीडा व युवक कल्याण मंत्री, मध्य प्रदेश शासन,
भोपाळ.



मी अशोका गार्डनमध्ये राहते आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. आमचा भाग आपल्या नरेला मतदारसंघात येतो, तेव्हा आमदार म्हणून आपल्याला लिहिण्याचा हक्क मला आहेच. पण हे पत्र मंत्र्यांना आहे. आधीच्या मंत्रिमंडळात आपल्याकडे वैद्यकीय शिक्षण खातं होतं, आता क्रीडा खातं आहे. खेळताना ज्यांचं पाऊल मोडतं त्या मुलामुलींचा प्रश्न नेमका या दोन खात्यांच्या मधे अडकतो. दोन्ही खाती आपण सांभाळली आहेत, म्हणून आपल्यालाच लिहिते आहे.

पत्र मराठीत आहे, कारण ते आपल्याइतकंच पालकांनीही वाचावं असं मला वाटतं. भेलच्या, रेल्वेच्या, सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने दोन-तीन पिढ्यांपूर्वी भोपाळला आलेली आणि इथेच रुजलेली मराठी घरं आमच्या भागात, गोविंदपुऱ्यात, पिपलानीत आहेत. त्यांची मुलं खेळतात, भरतीची तयारी करतात आणि जायबंदी होतात. आपल्या कार्यालयात हिंदी प्रत वेगळी देते आहे.

म्हणणं थोडक्यात आधीच सांगते. या शहरात मोडलेल्या पावलावर ऑपरेशन होतं. एम्स आहे, हमीदिया आहे, खासगी रुग्णालयं आहेत, स्क्रू-प्लेट बसवणारे चांगले सर्जन आहेत. पण ऑपरेशननंतरचे तीन-चार महिने कुणाच्याच जबाबदारीत नसतात. मुलगा पुन्हा धावणार की लंगडणार हे त्या महिन्यांत ठरतं. ते महिने कुणाच्या तरी जबाबदारीत द्यावेत, एवढीच माझी मागणी आहे.

पहाटे पाच-साडेपाचला ८० फुटी रस्त्यावर किंवा रायसेन रोडच्या कडेने गेलात तर धावणारी मुलं दिसतील. त्यातली बरीच अग्निवीर भरतीची किंवा पोलीस भरतीची तयारी करत असतात. सैन्याच्या भरतीत १.६ किलोमीटरची धाव साडेपाच मिनिटांच्या आत संपवली की पूर्ण गुण मिळतात, त्यामुळे घड्याळ लावून धावणं चालतं. धावायला डांबर किंवा सिमेंटचा रस्ता, पायात तळ झिजलेले बूट. भरतीची तारीख जाहीर झाली की आठवडाभरात अंतर दुप्पट होतं. कालपर्यंत दोन किलोमीटर धावणारा आज पाच धावतो.

हाडाची रोज थोडी झीज होते आणि रोज ती भरून निघते. अंतर हळूहळू वाढवलं तर भरणं झिजेच्या बरोबरीने चालतं आणि हाड उलट मजबूत होतं. एकदम वाढवलं तर भरणं मागे पडतं आणि पावलाच्या लांब हाडांत, मेटाटार्सलमध्ये, बारीक तडा जातो. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांबच्या कूचनंतर सैनिकांची पावलं सुजून दुखतात याची नोंद केली होती. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा चाळीस वर्षं अवकाश होता. एक्स-रे आल्यावर कळलं की त्या सुजेखाली मोडलेलं हाड असतं. त्यालाच डॉक्टर आजही मार्च फ्रॅक्चर म्हणतात. आता सैन्यात जाण्याआधीच, भरतीच्या तयारीत, आमच्या गल्लीतल्या मुलांना ते होतं.

यातली अडचण अशी की पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत हा तडा बहुतेकदा दिसतच नाही. मुलगा दुखतं म्हणून एक्स-रे काढतो, फिल्म स्वच्छ येते, घरचे म्हणतात काही नाही झालं, आणि तो पुन्हा धावायला लागतो. हाड भरायला लागल्यावर भोवती नव्या हाडाची सावली उमटते, तेव्हा कुठे फिल्मवर खूण दिसते. तोवर बारीक तड्याचा कधी कधी आरपार मोड झालेला असतो. एमआरआयवर तो पहिल्या दिवसापासून दिसतो, पण एमआरआयचा खर्च आणि तारीख या दोन्हींपुढे आमच्याकडची बरीच घरं थांबतात. म्हणून हाडाच्या एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि धावलं की दुखणं वाढत असेल, तर फिल्म स्वच्छ असली तरी धावणं थांबवायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढायची. एवढं प्रत्येक प्रशिक्षकाला ठाऊक असायला हवं. याला पैसे लागत नाहीत.

हॉकीची गोष्ट वेगळी आहे. आमच्या घरापासून ऐशबाग स्टेडियम फार दूर नाही. भोपाळच्या हॉकीबद्दल आपल्याला मी काय सांगणार? १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बरोबरीचा गोल करणारे अस्लम शेर खान याच शहराचे. हॉकीत पाऊल चेंडूने मोडतं. पेनल्टी कॉर्नरला पुढे धावणाऱ्याच्या पावलावर कडक चेंडू आदळतो, किंवा टर्फवर वळताना बुटाची पकड घट्ट राहते आणि पाऊल आत दुमडतं. दुमडलं की सगळे म्हणतात, मुरगळला. भोपाळी हिंदीत मोच. मग आंबेहळद, चुना, मालिश, नाहीतर हाड बसवणारा पैलवान. हाडवैद्याकडे जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. तो जवळ असतो, स्वस्त असतो आणि लगेच भेटतो. पण मोडलेल्या हाडावर चोळणं म्हणजे मोड सरकवणं, आणि मोड सरकला की बिनऑपरेशनचं काम ऑपरेशनचं होतं.

मुरगळणं आणि मोडणं यांतला फरक मैदानावरच बऱ्याच अंशी कळू शकतो. १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी त्यासाठी साधे नियम तयार केले. आज जगभरच्या अपघात विभागांत ते वापरतात. खेळाडूला चार पावलं टाकता येतात का? पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी दाबल्यावर दुखतं का? पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे असलेल्या नॅव्हिक्युलर हाडावर दाबल्यावर दुखतं का? घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांसाठीही असेच नियम आहेत. यातलं एकही उत्तर वाईट आलं तर एक्स-रे. हे नियम अचानक झालेल्या दुखापतीसाठी आहेत, हळूहळू पडणाऱ्या तड्यासाठी नाहीत, हेही शिकवताना सांगावं लागेल. पण शाळेतल्या पीटीच्या सरांना, अकादमीतल्या प्रशिक्षकाला, भरतीचे क्लास चालवणाऱ्या माजी जवानाला एका दुपारात हे येईल.

करंगळीच्या लांब हाडाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे होतो. या पाचव्या मेटाटार्सलच्या अगदी मुळाशी, टोकाचा तुकडा निघाला तर तो बहुतेक वेळा कडक तळाच्या बुटात, चालत-फिरत जुळतो. पण तिथून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढे मोड असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. मुळाकडून येणारा रक्ताचा पुरवठा आणि हाडाच्या मधून मागे येणारा पुरवठा नेमके तिथे भेटतात, आणि दोन्ही तिथे कमजोर असतात. त्यामुळे हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही. फिल्मवर दोन मोडांमधलं अंतर बोटभरही नसतं, आणि उपचारात मात्र तीन महिन्यांचा फरक पडतो. ‘पाचवं मेटाटार्सल मोडलं’ एवढंच कागदावर लिहून रुग्णाला घरी पाठवणं म्हणूनच पुरेसं नाही.

या मोडाला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. लिव्हरपूलचे प्रसिद्ध अस्थिशल्यविशारद रॉबर्ट जोन्स तंबूच्या खांबाभोवती नाचत होते, टाच उचललेली असताना त्यांचं पाऊल बाहेरच्या कडेवर पडलं आणि आत काहीतरी तुटल्याचं त्यांना जाणवलं. स्वतः एवढे मोठे सर्जन, पण त्यांना आधी वाटलं की स्नायूची दोरी तुटली आहे. एक्स-रे काढल्यावर हाड मोडलेलं निघालं. १९०२ साली त्यांनी स्वतःच्या आणि आणखी काही रुग्णांच्या पावलांवर लेख लिहिला. जोन्स यांना स्वतःच्या पायाबद्दल जे फिल्मशिवाय कळलं नाही, ते मैदानाच्या कडेला उभं राहून कुणी ठामपणे सांगू नये.

सामान्य माणसाला असा मोड झाला तर सहा ते आठ आठवडे प्लास्टर घालून, पायावर अजिबात वजन न टाकता थांबता येतं. खेळाडूला बहुतेकदा ऑपरेशनच सुचवतात, कारण प्लास्टरमध्ये न जुळण्याचा धोका मोठा आणि वाट पाहणं लांब. ऑपरेशन तसं छोटं आहे. पावलाच्या बाहेरच्या बाजूला लहानसा छेद, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत हाडाच्या पोकळीतून एक तार, तारेवरून ड्रिल आणि मग स्क्रू. स्क्रूची जाडी हाडाच्या पोकळीत घट्ट बसेल अशी लागते, आणि त्याचे आटे मोडाच्या पूर्णपणे पलीकडे जावे लागतात म्हणजे दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जातात. हे हाड किंचित वाकलेलं असतं, त्यामुळे स्क्रू गरजेपेक्षा लांब झाला तर तो हाडाला सरळ करू पाहतो आणि मोडाच्या एका बाजूला फट पडते. हे बारकावे सर्जनच्या हातात असतात आणि आपल्या शहरात असे हात आहेत. सगळं नीट झालं तर साधारण आठ ते बारा आठवड्यांत खेळाकडे परत जाता येतं.

त्या ‘साधारण’मध्येच सगळा धोका आहे. अमेरिकेच्या बास्केटबॉलमधल्या केविन ड्युरँटचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या उजव्या पावलाला हाच मोड झाला, स्क्रू बसवला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला तो मैदानात उतरला. फेब्रुवारीत पाऊल पुन्हा दुखायला लागलं आणि स्क्रूसाठी दुसरं ऑपरेशन झालं. मार्चअखेर तिसरं, या वेळी हाडाचं कलम. त्या हंगामातल्या ८२ सामन्यांपैकी तो फक्त २७ खेळू शकला. हे जगातल्या उत्तम सर्जनांच्या, उत्तम फिजिओंच्या देखरेखीखाली घडलं. त्यानंतर तो पुरेसा थांबला, परतला आणि पुढे २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्याने जिंकली. हाड नीट जुळू दिलं तर मोडलेलं पाऊल इतकं साथ देतं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घाईच्या मुलाला मी ही गोष्ट पूर्ण सांगते, तिसऱ्या ऑपरेशनसकट आणि दोन विजेतेपदांसकट.

नॅव्हिक्युलरचा तडा याहून वाईट. पावलाच्या कमानीच्या माथ्यावर हे हाड बसतं, धावताना आणि उडी मारताना दोन्ही बाजूंनी दाबलं जातं, आणि त्याच्या मधल्या भागात रक्त कमी पोचतं. दुखणं इतकं मोघम असतं की खेळाडू महिनोन्‌महिने खेळत राहतात. चीनचा बास्केटबॉलपटू याओ मिंग २००८ च्या फेब्रुवारीत या हाडात स्क्रू बसवून घेऊन ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिम्पिकला उतरला, देशाचा झेंडा हातात घेऊन. पुढच्या वर्षी तेच पाऊल पुन्हा मोडलं, मोठं पुनर्रचनेचं ऑपरेशन झालं, एक पूर्ण हंगाम गेला आणि २०११ मध्ये तिशीतच त्याने निवृत्ती घेतली. लिस्फ्रँक सांध्याची दुखापत, म्हणजे पावलाच्या मधोमध लांब हाडं जिथे जोडली जातात तिथली, तीही अशीच निसटते. तळव्यावर काळानिळा डाग उठला असेल तर उभं राहून, वजन टाकून एक्स-रे काढायला हवा. झोपून काढलेल्या फिल्मवर सांधा जागेवर दिसतो आणि उभं राहिल्यावर उघडतो.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते.

आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात. आमच्या भागातल्या अनेक घरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि मी ती हलकी लेखत नाही. ज्या पोराच्या वडिलांची ऑटो आहे किंवा ज्याची आई शिवणकाम करते, त्याच्या पावलात आज स्क्रू बसतो, हे त्या कार्डामुळेच. पण योजनेत दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस एवढाच रुग्णालयाबाहेरचा खर्च धरलेला आहे. पंधराव्या दिवशी टाके निघतात. सोळाव्या दिवशी पावलात नेमकं काय झालेलं असतं? जखम भरलेली असते, सूज उतरलेली असते, दुखणं बरंच कमी असतं, आणि हाड जुळलेलं नसतं. खेळाडूच्या दृष्टीने यापेक्षा फसवा दिवस दुसरा नाही. घर बांधणाऱ्याला ठाऊक असतं की स्लॅब वरून कोरडा दिसला तरी सेंटरिंग काढायचं नसतं, पण पावलाच्या बाबतीत बाहेरून कोरडं दिसलं की सगळे आधार काढले जातात.

सोळाव्या दिवसापासून पुढे खरं काम सुरू होतं. सर्जन परवानगी देईल तसं कुबड्यांवरून बुटात, बुटातून साध्या चपलेत, चालण्यातून धावण्यात. पोटरी प्लास्टरमध्ये किंवा बुटात इतकी बारीक होते की दोन्ही पायांच्या पोटऱ्या शेजारी धरल्या तर एकाच माणसाच्या वाटत नाहीत. एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली की आधी ती उचललीच जात नाही, मग दोन-तीनदा उचलली जाते, मग थरथरते. दुखऱ्या पायाची टाच दुसऱ्या पायाइतक्या वेळा उचलता आल्याशिवाय मी धावण्याचं नाव घेऊ देत नाही. मग डोळे मिटून एका पायावर उभं राहणं, मग जागच्या जागी उड्या, मग मऊ मातीवर थोडं चालणं थोडं धावणं, एक दिवस सोडून एक दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना दुखलं तर एक पायरी मागे. सरळ धावणं जमल्यावरच वळणं, थांबणं, दिशा बदलणं. खो-खो आणि कबड्डीच्या मुलामुलींसाठी हाच टप्पा सगळ्यांत अवघड असतो, कारण त्यांचा सगळा खेळ थांबण्यात आणि वळण्यात आहे. ज्यांच्या पावलाची कमान उंच आणि टाच आत झुकलेली असते त्यांचं वजन बाहेरच्या कडेवर पडतं. त्यांच्या बुटात योग्य तळपट्टी घातली नाही तर स्क्रू असतानाही मोड पुन्हा उघडू शकतो.

आणि या सगळ्याच्या आधी एक अट: फिल्मवर हाड जुळलेलं दिसलं पाहिजे. शंका असेल तर सीटी स्कॅन. दुखत नाही याचा अर्थ हाड जुळलं असा होत नाही. लवकर परतलेल्यांची हाडं पुन्हा मोडल्याची उदाहरणं या विषयाच्या वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत.

गेल्या काही वर्षांत मी पाहिलेलं एक उदाहरण कुणाचीही ओळख न सांगता लिहिते. हॉकी खेळणारी शाळकरी मुलगी, ऑपरेशन उत्तम झालेलं. चार आठवड्यांनी निवड चाचणी होती. तिला कुणी जबरदस्ती केली नाही. फक्त एवढंच सांगितलं गेलं की यंदा आली नाहीस तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. ती उतरली. स्क्रू वाकला आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं. तिची आई मला म्हणाली, “ताई, आम्हाला कुणी सांगितलंच नाही की अजून दोन महिने थांबायचं होतं.” सुटीच्या कागदावर ‘विश्रांती घ्या, फॉलोअपला या’ एवढंच लिहिलं होतं. कधीपर्यंत विश्रांती, कशाची परवानगी, कशाची नाही, कुणाला विचारायचं, यातलं काहीच नव्हतं.

मुलींबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. पाळी तीन-चार महिने चुकते आहे, वजन उतरतं आहे आणि सराव मात्र वाढतो आहे, असं असेल तर हाडं आतून कमजोर होत असतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये यावर सविस्तर निवेदन काढून हा प्रश्न मुलग्यांनाही होतो हे स्पष्ट केलं. खाणं कमी आणि खर्च जास्त, हे त्याचं मूळ. आमच्याकडे मुली हे प्रशिक्षकाला सांगत नाहीत, विशेषतः प्रशिक्षक पुरुष असेल तर, आणि प्रशिक्षक विचारत नाहीत. पावलाला तडा गेलेल्या प्रत्येक मुलीला कुणीतरी बाईमाणसाने हे विचारलं पाहिजे. मुलांना सिगरेट-गुटख्याबद्दल विचारलं पाहिजे. धूम्रपानाने हाड उशिरा जुळतं यात शंका नाही, निकोटिन कोणत्याही वाटेने गेलं तरी रक्तवाहिन्या आकसतात, आणि भोपाळमध्ये गुटख्याची पुडी किती लहान वयात हातात येते हे आपण जाणता.

मुलांच्या डोळ्यांपुढे जी चित्रं असतात त्यांचाही विचार व्हावा. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत ऋषभ पंतच्या उजव्या पावलावर चेंडू बसला, हाड मोडलं, आणि तरीही तो दुसऱ्या दिवशी लंगडत फलंदाजीला आला, अर्धशतक पूर्ण केलं. ते दृश्य प्रत्येक मुलाच्या मोबाइलवर आहे. त्याच्या धैर्याचा मलाही अभिमान वाटला. पण पुढचे तीन महिने तो पाचव्या कसोटीला, आशिया चषकाला, वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेला मुकला आणि ऑक्टोबरअखेर भारत ‘अ’ संघातून परतला, हे कुणाच्या मोबाइलवर नाही. पी. व्ही. सिंधूने ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं तेव्हा तिच्या डाव्या पावलाला तडा होता. तपासणीनंतर ती त्याच महिन्यातली जागतिक स्पर्धा सोडून बसली आणि जानेवारी २०२३ मध्ये परतली. आणि आपला सचिन. १९८९ पासून सलग ८४ कसोटी खेळलेला हा माणूस २००१ मध्ये उजव्या पायाच्या अंगठ्याखालच्या लहानशा सेसमॉइड हाडासाठी श्रीलंकेच्या कसोटी मालिकेतून बाहेर बसला. देशातल्या सर्वांत मोठ्या फलंदाजाला एका छोट्या हाडासाठी थांबवता येतं, तर जिल्हा संघातल्या मुलीला निवड चाचणीतून का थांबवता येत नाही? सचिनच्या पाठीशी थांबण्याची सोय होती, आणि परतल्यावर त्याची जागा त्याची होती. आमच्या मुलांना ती खात्री नाही, म्हणून ती थांबत नाहीत.

ही खात्री आपलं खातं देऊ शकतं. राज्य सरकारच्या अकादमीतला किंवा सरकारी मैदानावर नोंदलेला कोणताही खेळाडू हाड मोडून बसला तर त्याची जागा आणि त्याला मिळणाऱ्या सोयी बरं होईपर्यंत राखल्या जातील, आणि त्या काळात झालेल्या निवड चाचणीबद्दल त्याला नंतर वेगळी संधी मिळेल, असा लेखी आदेश काढा. त्याच आदेशात हेही असू द्या की मोडानंतर मैदानावर परतताना फिल्म पाहून सर्जनने सही केलेला एक पानी फॉर्म लागेल, आणि तो फॉर्म नसताना खेळाडूला उतरवलं तर जबाबदारी प्रशिक्षकाची. प्रशिक्षकांनाही हे हवंच असेल असं मला वाटतं. आज पालकांचा, स्पर्धेचा, संस्थेचा दबाव त्यांच्यावर असतो, आणि ‘नाही’ म्हणायला त्यांच्या हातात कागद नसतो.

दुसरं, ऐशबाग स्टेडियमवर आणि तात्या टोपे स्टेडियमवर आठवड्यातून ठरलेल्या दोन संध्याकाळी एक फिजिओथेरपिस्ट आणि महिन्यातून एकदा गांधी मेडिकल कॉलेजच्या अस्थिरोग विभागातला एक डॉक्टर बसवा. २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धा मध्य प्रदेशाने भरवल्या तेव्हा या शहरातही वैद्यकीय पथकं मैदानावर उभी राहिली होती. स्पर्धेच्या दोन आठवड्यांसाठी जे शक्य होतं, त्याचा छोटा भाग वर्षभर चालू ठेवणं अवघड नाही. फिजिओथेरपीचे विद्यार्थी शिकायला मैदानावर येतील, आमच्यासारखे खासगी काम करणारेही वेळ देतील. माझं नाव त्या यादीत पहिलं घाला.

तिसरी मागणी पैशांची आहे, आणि तीच आपल्या एकट्या खात्याच्या हातात नाही हे मला कळतं. पंधरा दिवसांनंतरची फिजिओथेरपी, तीन-चार महिन्यांपर्यंतची, फिल्मवर हाड जुळल्याची खात्री होईपर्यंतचे एक्स-रे आणि गरज पडली तर एक सीटी, एवढं नोंदणीकृत खेळाडूंसाठी राज्याने कार्डाच्या जोडीला उचलावं. मोठा खर्च ऑपरेशनचा असतो आणि तो आधीच होतो आहे. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं तर तोही सरकारच देतं. आरोग्य विभागाशी आपण एकदा बोललात तर निदान भोपाळ जिल्ह्यापुरता हा प्रयोग एका वर्षासाठी करून पाहता येईल, आणि किती मुलांचं दुसरं ऑपरेशन टळलं याची नोंद ठेवता येईल.

फॉर्मचा मसुदा, मैदानावरच्या तपासणीचं एक पान आणि ऑपरेशननंतरच्या आठवड्यांचं हिंदी-मराठीतलं वेळापत्रक मी सोबत जोडलं आहे. ते तपासून दुरुस्त करायला आपल्या खात्याने एखादा अस्थिरोगतज्ज्ञ नेमावा. वेळापत्रकात प्रत्येक आठवड्यापुढे दोन रकाने आहेत, काय करायचं आणि काय करायचं नाही. तिसरा रकाना मोकळा ठेवला आहे, सर्जनच्या सहीसाठी. पुढच्या भरतीच्या तारखा जाहीर होण्याआधी आदेश निघाला तर ८० फुटी रस्त्यावर धावणाऱ्या मुलांना तो यंदाच उपयोगी पडेल.

कळावे,

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
अशोका गार्डन, भोपाळ